एक कप काकवी म्हणजे किती ग्रॅम? कोल्हापुरातल्या एका केकचं प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनींचा कोल्हापूरहून फोन आला. "ताई, केक परत बिघडला. मागचा कोरडा झाला होता, हा मधोमध बसलाय. आणि या खेपेला तर सगळं काट्यावर तोलून घेतलंय."

वहिनी घरून केक करून विकतात. त्यांचा हात चांगला आहे आणि वही त्याहून चांगली. कधी काय घातलं, किती वेळ भाजलं, सगळं लिहिलेलं असतं. ती वही नसती तर हे प्रकरण सुटलं नसतं. नाताळसाठी त्यांच्याकडे आल्याच्या केकची, म्हणजे जिंजरब्रेडची, २० नगांची ऑर्डर होती. पाककृती न्यू जर्सीत राहणाऱ्या त्यांच्या मामेबहिणीकडून आलेली, जुन्या अमेरिकी पद्धतीची: अडीच कप मैदा, अर्धा कप लोणी, अर्धा कप साखर, एक अंडं, एक कप मोलॅसिस, एक कप गरम पाणी, दीड चमचा खाण्याचा सोडा, सुंठ, दालचिनी, लवंग, मीठ. नऊ इंची चौकोनी भांडं आणि १८० अंशांची भट्टी.

मोलॅसिस आपल्याकडे वाण्याकडे मिळत नाही. साखर कारखान्यातली मळी म्हणजे मोलॅसिसच, पण ती बहुतेक मद्यार्काकडे आणि पशुखाद्याकडे जाते, खाण्यासाठी म्हणून ती कुणी बाटलीत भरत नाही. कोल्हापुरात बसून त्याला पर्याय शोधायचा तर काकवीशिवाय दुसरं काय सुचणार? वहिनींनी काकवी घेतली आणि ते बरोबरच होतं. काकवीतून साखर काढून घेतलेली नसते, त्यामुळे ती मोलॅसिसपेक्षा गोड आणि कमी कडू लागते. आल्याच्या केकला ते मला तरी जास्त आवडतं.

मी पुण्यात एका खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत काम करते. म्हणून फोनवर उपाय सांगण्याऐवजी मी वहीची दोन पानं मागवली.

पहिलं पान

पहिल्या केकपुढे लिहिलं होतं, "काकवी १ कप = २५० ग्रॅम." वहिनींच्या कपांच्या संचावर २५० मिली असं कोरलेलं आहे. त्यांनी मिलीचे ग्रॅम केले. ही चूक बहुतेक सगळ्यांकडून होते, कारण पाणी आणि दूध यांच्यापुरतं ते गणित चालून जातं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, दूध त्याहून जरासं जड. रोजच्या स्वयंपाकात कपानं मोजून ओतायच्या वस्तू बहुतेक याच दोन, त्यामुळे मनात "पातळ वस्तू म्हणजे मिलीला ग्रॅम" हे घट्ट बसलेलं असतं.

काकवीत साखर विरघळलेली असते आणि तीही खूप. साखर पाण्यापेक्षा जड, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त वजन मावतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषण-तक्त्यांत एक कप मोलॅसिसचं वजन ३३७ ग्रॅम दिलं आहे आणि एक कप मधाचं ३३९. हा कप अमेरिकी, म्हणजे सुमारे २३७ मिलीचा. वहिनींनी घातले २५० ग्रॅम. ८७ ग्रॅम कमी, चौथा हिस्सा गायब.

केक कोरडा का झाला याचं उत्तर इथेच मिळतं. साखर केकला गोडी देतेच, शिवाय ती पाणी धरून ठेवते आणि मैद्याला चिवट होऊ देत नाही. चौथा हिस्सा काकवी गेली तर त्या दोन्ही गोष्टी तेवढ्याच गेल्या. वहीत आणखी एक शेरा होता, "सोड्याची चव लागते." तेही याच धाग्याला बांधलेलं. मोलॅसिस किंचित आम्ल असतं आणि दीड चमचा सोडा त्या आम्लाच्या भरवशावर घातलेला असतो. आम्ल कमी पडलं की उरलेला सोडा जिभेला साबणासारखा लागतो.

इथे एक जुनी गैरसमजूत मोडायला हवी. वहिनी म्हणाल्या, "घट्ट असतं ते जड असतं एवढं मला कळतं हो, पण किती ते कळत नव्हतं." घट्टपणा आणि जडपणा यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. कंडेन्स्ड मिल्क चमच्यावरून मधाइतकंच सावकाश उतरतं, पण त्याच तक्त्यांत त्याचा एक कप ३०६ ग्रॅमचा आहे. शेंगदाण्याचं लोणी, म्हणजे पीनट बटर, तर ओतताच येत नाही, तरी त्याचा कप २५८ ग्रॅमचा. थंडीत मध घट्ट होतो आणि उन्हात ठेवला की पाण्यासारखा वाहतो, पण एका कपाच्या वजनात जेमतेम फरक पडतो. चिकटपणा किती आहे यावर भांड्याला किती राहील ते ठरतं. कपात किती ग्रॅम मावेल ते पाण्यात काय आणि किती विरघळलंय यावर ठरतं. या दोन वेगळ्या गोष्टी एकाच "घट्ट" शब्दात कोंबल्या की हिशेब चुकतो.

चिकटपणाचा हिशेबही आम्ही केला, कारण वहिनींचा प्रश्न रास्त होता: "मग मी सरळ कपानंच मोजलं असतं तर?" डिसेंबरच्या सकाळी थंड काकवी कोरड्या कपात काठोकाठ भरली, काट्यावर ठेवली, वाडग्यात उलटी केली, दहापर्यंत आकडे मोजले आणि कप परत तोलला. २१ ग्रॅम कपातच. दुपारी त्याच काकवीचे १२ ग्रॅम राहिले. रबरी चमच्यानं निपटून काढल्यावर ३. म्हणजे एकाच बाईनं, एकाच कपानं, एकाच दिवशी मोजलं तरी २० ग्रॅमच्या आसपास फरक पडू शकतो. कपाला आतून तेलाचा हात लावला तर काकवी सुटून येते, हा उपाय चांगला आहे आणि काटा नसेल तर तोच करावा. पण काटा असेल तर कप हवाच कशाला? वाडगं काट्यावर ठेवायचं, आकडा शून्य करायचा, धार सोडायची. धार तोडण्यापूर्वी पाच-सात ग्रॅम आधीच हात उचलायचा, कारण काकवीची तार लोंबत राहते आणि ती खाली येईपर्यंत आकडा वाढतो. हे वहिनींना दोनच खेपांत जमलं.

कपाच्या आकाराबद्दल थोडक्यात. अमेरिकी कप २३७ मिलीचा, तिथल्या पाकिटांवरच्या पोषणाच्या मजकुरात २४०, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानातला २००. सगळं सामान एकाच कपानं मोजलं तर प्रमाण टिकतं आणि केक जरा मोठा किंवा लहान होतो, एवढंच. अडचण येते ती अर्धं सामान कपानं आणि अर्धं काट्यावर घेतलं की. अंडं तर कपाप्रमाणे लहानमोठं होत नाहीच. वहिनींनी मैदा तक्ता पाहून ३०० ग्रॅम घेतला, पाणी २५० मिलीच्या कपानं आणि काकवी अंदाजाच्या ग्रॅमांत. तीन पद्धती एका वाडग्यात.

दुसरं पान

दुसऱ्या केकला वहिनींनी तक्ता शोधला, ३३७ हा आकडा सापडला आणि तेवढी काकवी तोलून घातली. पाणीही या खेपेला २३७ ग्रॅम. केक फुगला, मग मध्ये खचला, आणि तळाशी ओलसर चिकट थर राहिला. प्रकरणाचा हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे वजनात चूक नव्हती.

मी विचारलं, "काकवी तीच होती का?"

"नाही. आधीची बाटलीतली होती, ती संपली. ही गुऱ्हाळावरनं आणली, पाच लिटरचा कॅन भरून."

गुऱ्हाळावर ज्यांनी काकवी उतरताना पाहिली आहे त्यांना इथेच अंदाज येईल. उसाचा रस काहिलीत उकळतो, भेंडीचं पाणी घालून रसातला मळ वर आणतात आणि झाऱ्यानं काढतात, खाली चुलवाणात चिपाडं जळत असतात. गूळ पडायला रस साधारण ११८ अंशांपर्यंत जावा लागतो. काकवी त्याच्या बरीच आधी, १०५ अंशांच्या आसपास, काढून घेतात. नेमकी कधी, ते गुळव्या ठरवतो, बुडबुड्यांवरून आणि तारेवरून. दोन मिनिटं लवकर काढली तर पातळ, उशिरा काढली तर दाट. गुऱ्हाळावर भाकरीशी खायला दोन्ही सारख्याच गोड लागतात, आणि यात गुळव्याचं काहीच चुकत नाही. पण केकच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

म्हणून मोलॅसिसच्या तक्त्यातला आकडा काकवीला लावताना आधी विचारायचं, की ही काकवी मोलॅसिसइतकी दाट आहे का? हे घरी तपासता येतं. वहिनींना मी फोनवर सांगितलं ते असं.

एक लहान तोंडाची काचेची बाटली घ्या, कोरडी करून काट्यावर ठेवा, शून्य करा. काठोकाठ पाणी भरा आणि आकडा लिहा. बाटली पूर्ण वाळवा. मग तीच बाटली काकवीनं काठोकाठ भरा आणि आकडा लिहा. काकवीच्या आकड्याला पाण्याच्या आकड्यानं भागा.

भरताना घाई करायची नाही. काकवीत हवा अडकते, वर फेस येतो, आणि तो फेस मोजला गेला तर काकवी आहे त्यापेक्षा हलकी दिसते. अर्धा तास बाटली उभी ठेवायची, फेस चमच्यानं काढायचा, वर पुन्हा भरायची. पाणी आणि काकवी दोन्ही एकाच खोलीत ठेवलेली असावीत, म्हणजे तापमानाचा फरक बराचसा आपोआप वजा होतो.

वहिनींच्या बाटलीत पाणी २१२ ग्रॅम मावलं. जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेली काकवी पुरली नसती, पण त्यांच्या आईंकडे त्याच लॉटची दुसरी बाटली होती. ती काकवी भरली २९३ ग्रॅम. गुऱ्हाळाची भरली २८१ ग्रॅम. भागाकार केला तर १.३८ आणि १.३३.

दोन आकड्यांत फरक किती लहान दिसतो! वहिनी म्हणाल्या, "एवढ्यानं केक बसतो होय?" बसतो, कारण हा भागाकार साखरेचं प्रमाण सांगतो आणि तिथे तो फरक मोठा होऊन उतरतो. साखरेच्या पाकाचे तक्ते जुने आणि पक्के आहेत: भागाकार १.३५ आला तर १०० ग्रॅम पाकात सुमारे ७० ग्रॅम साखर, १.३८ आला तर ७५, आणि १.३२ आला तर ६५. या टक्केवारीलाच ब्रिक्स म्हणतात. काकवीत साखरेखेरीज क्षार आणि इतर गोष्टीही असतात, त्यामुळे तिच्यासाठी हा अंदाजच, पण स्वयंपाकघराला पुरेल इतका जवळचा. बाटली भरताना एका ग्रॅमची चूक झाली तर उत्तरात पाऊण ब्रिक्सची चूक होते. जुनी काकवी ७५ ब्रिक्सची, गुऱ्हाळाची ६६ची. वहिनींनी पुढच्या आठवड्यात दोन्हींचे नमुने पुण्याला येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवले. मी ते रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या उपकरणावर, पाहिले. ७४.५ आणि ६६ आले. घरची बाटली आणि साधा काटा यांनी काम चोख केलं होतं.

आकडेमोड

मोलॅसिसमध्ये १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे मूळ पाककृतीतल्या ३३७ ग्रॅमांत ७४ ग्रॅम पाणी आणि २६३ ग्रॅम साखर व इतर घन भाग. वर २३७ ग्रॅम गरम पाणी. एकूण पाणी ३११.

गुऱ्हाळाच्या काकवीचे ३३७ ग्रॅम घेतले की घन भाग २२२ आणि पाणी ११५. वाडग्यातलं एकूण पाणी झालं ३५२. म्हणजे वजन अगदी बरोबर घेऊनही साखर ४१ ग्रॅमांनी कमी आणि पाणी ४१ ग्रॅमांनी जास्त. केक खचला तो इथे.

आता उलट बाजूनं. आपल्याला हवाय घन भाग २६३ ग्रॅम. ७५ ब्रिक्सच्या काकवीतून तो मिळवायचा तर २६३ भागिले ०.७५, म्हणजे ३५१ ग्रॅम. त्यात पाणी ८८. मग गरम पाणी घालायचं ३११ वजा ८८, म्हणजे २२३. वहिनींनी लिहून ठेवलं ३५० आणि २२५. ६६ ब्रिक्सच्या काकवीला २६३ भागिले ०.६६, म्हणजे ३९८ ग्रॅम, तिच्यात पाणी १३५, आणि गरम पाणी १७६. वहीत ४०० आणि १७५.

वहिनींच्या मनात होतं, की पातळ काकवी आटवून दाट करावी. करता येते. ६६ची ७५ करायला दर किलोमागे १२० ग्रॅम पाणी उडवावं लागतं, आणि पातेलं काट्यावर ठेवून ते मोजताही येतं: किलोचं वजन ८८० ग्रॅमवर आलं की गॅस बंद. पण मी नको म्हटलं. ज्या पाककृतीत कपभर पाणी घालायचंच आहे तिथे आधी गॅस जाळून पाणी उडवायचं आणि मग परत ओतायचं, यात काय अर्थ? शिवाय आटवताना काकवी काळवंडते, लागली तर वास येतो. पाणी कमी घालणं हाच सरळ मार्ग. पाणी न घालणाऱ्या बिस्किटांना किंवा चिक्कीला मी आटवा म्हटलं असतं.

तिसरा केक शनिवारी झाला: गुऱ्हाळाची काकवी ४०० ग्रॅम, गरम पाणी १७५. ४८ मिनिटं भट्टीत. वर भेग गेली नाही, मध्ये खचला नाही, दुसऱ्या दिवशी सुरीला किंचित चिकटला, जसा हा केक चिकटायला हवा. सोड्याची चव मात्र अजून जराशी होती. काकवीचा आंबटपणा मोलॅसिसएवढा असेलच असं नाही, ते रसावर आणि त्यात सायट्रिक ॲसिड घातलं आहे की नाही यावर असतं. वहिनींनी सोडा एक चमच्यावर आणला आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर घातली. चौथ्या केकला ती चव गेली.

खरेदी आणि किंमत

या हिशेबाची दुसरी बाजू पैशांची. वहिनींनी ऑर्डरची किंमत सांगताना केकमागे २५० ग्रॅम काकवी धरली होती, लागणार होती ४००. काकवी किलोला १२० रुपये धरली तर केकमागे १८ रुपये जास्त, वीस केकना ३६० रुपये. घरगुती धंद्यात नफा एवढ्याच रकमांत असतो. ठरलेली किंमत त्यांनी वाढवली नाही, शब्द दिला होता म्हणून, पण नव्या वर्षाच्या दरपत्रकात ती बसवली.

गुऱ्हाळावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. वहिनींनी "पाच लिटर" सांगितली होती आणि पैसे किलोवर घेतले गेले, साडेसहा किलोंच्या वर. त्यांना तेव्हा वाटलं होतं की फसवलं. फसवलं नव्हतं. १.३३च्या काकवीचे पाच लिटर म्हणजे सुमारे ६.६ किलोच. उलट विचार केला तर पातळ काकवी त्याच किलोच्या दरानं घेताना साखर १२ टक्के कमी पदरात पडते, आणि ती गुळव्याला विचारून घ्यायची गोष्ट आहे.

बाटलीबंद मालाचं थोडं वेगळं. भारतातल्या वेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांत चिकट, दाट पदार्थांचं प्रमाण वजनात छापायचं असतं. म्हणून मधाच्या आणि काकवीच्या बाटलीवर ५०० ग्रॅम असतं, ५०० मिली नाही. ७५ ब्रिक्सच्या काकवीचे ५०० ग्रॅम म्हणजे फक्त ३६२ मिली, अमेरिकी दीड कप. पाककृतीत दोन कप असतील तर एक बाटली पुरणार नाही, आणि हे ओट्याजवळ मैदा मळल्यावर कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं.

आमच्या घरांत हा भेद तसा पूर्वी ठाऊक होता. धान्य मापट्या-पायलीनं मापायचं आणि गूळ तागडीत तोलायचा. गुळाची ढेप मापट्यात घालावी असं कुणाच्या मनातही यायचं नाही. काकवी पातळ दिसते म्हणून ती मापाकडे सरकली, एवढंच.

वीस केकना आठ किलो काकवी लागणार होती. कॅनमध्ये उरलेली पुरेना, म्हणून वहिनी गुऱ्हाळावर परत गेल्या. या खेपेला पिशवीत ती २१२ ग्रॅमची बाटली आणि काटा होता. आधीच्या काहिलीची काकवी नव्हती, नवी काहील उतरलेली होती. गार होईपर्यंत त्या तिथे दीड तास बसल्या, रस प्यायल्या, मग बाटली भरली. २८८ ग्रॅम. म्हणजे १.३६, जवळजवळ ७१ ब्रिक्स. त्यांनी तिथूनच फोन केला, "ताई, ३७० घेते आणि पाणी दोनशे. बरोबर ना?"

मी इकडे कागदावर मांडलं. २६३ भागिले ०.७१, ३७०. त्यातलं पाणी १०७, उरलं २०४. बरोबर होतं.

दोन काकव्यांचे दोन डबे आता त्यांच्या मांडणीवर आहेत. प्रत्येकावर कागदी पट्टी चिकटवून तीन आकडे लिहिलेत: भागाकार, केकमागे काकवी, केकमागे पाणी. पातळ काकवीचा डबा मात्र फ्रीजमध्ये ठेवायला मी सांगितलंय, कारण एवढं पाणी असलेली काकवी उन्हाळ्यात आंबू शकते.